कंटुलेची डावी कड

ऑफिसात आल्यावर मच्छिंद्र कंटुले आधी टेबलावरच्या पाच वस्तू ओळीत लावायचा. शिक्क्याचं पॅड, पेन, चष्म्याचं घर, सुपारीची डबी आणि टाचण्यांचा डबा. ड्रॉवरमधून लाकडी फूटपट्टी काढून तो ती उभी धरायचा आणि पाचही वस्तूंची डावी कड पट्टीला टेकवायचा. मग एक डोळा मिटून पाहायचा. शिपायाने चहाचा कप त्या ओळीत ठेवला, तर कप उचलून खाली फरशीवर ठेवायचा आणि चहा निवला तरी प्यायचा नाही. हे रोज, एकोणीस वर्षं. त्याला अहोजाहो करणारे पुष्कळ होते. इथे ते करावं असं कारण मला सापडत नाही.

कारखाना साखरेचा, सहकारी, घनसावंगी तालुक्यातला. नाव सांगून उपयोग नाही. चेअरमन बदलले, भोंगा तोच आहे. कंटुले १९८४ साली तिथे टायपिस्ट म्हणून लागला. मथळा कागदाच्या बरोबर मध्ये यावा म्हणून तो अक्षरं मोजायचा, ती ऐंशीतून वजा करायचा, उरलेल्याचे दोन भाग करायचा आणि तेवढ्या वेळा स्पेसची पट्टी दाबायचा. पत्रात काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसे. एकदा कामावरून कमी केलेल्या सतरा माणसांची पत्रं त्याने एका दुपारी टाइप केली. ती सतरा माणसं बाहेर लिंबाखाली बसून होती आणि हा आत एका पत्राचा समास अर्ध्या अक्षराने हुकला म्हणून ते पुन्हा टाइप करत होता. हे त्यानेच पुढे अभिमानाने सांगितलं. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या, यातही नवल नाही.

घरी तुळजाबाई, त्याची बायको. मांडणीवरचे डबे उंचीने लावायचे, असा त्याचा हुकूम होता. "पाहुणे बी आता उंची पाहून बोलवावं लागतील," असं ती शेजारणींना म्हणायची. नवऱ्यासमोर मात्र डबे उंचीनेच लागत.

१९९१ साली कारखान्यात कम्प्युटर आला. त्याच्यासाठी काचेची खोली झाली, खोलीबाहेर चपला काढायचा नियम झाला. औरंगाबादला चाळीस दिवसांच्या कोर्सला कुणाला पाठवायचं, असा प्रश्न निघाला तेव्हा इतर कारकून पोरांच्या परीक्षा आणि आईची आजारपणं सांगू लागले. कंटुले गेला. परत आला तो फॉक्सप्रो शिकून, आणि एक गोष्ट मनात घट्ट धरून: कम्प्युटरला रिकामी जागासुद्धा अक्षरासारखीच असते. नावासाठी पंचवीस घरं ठेवली आणि नाव दहा अक्षरांचं निघालं, तर उरलेली पंधरा घरं रिकाम्या जागांनी भरायची, म्हणजे पुढचा रकाना हलत नाही. ही भर डावीकडे घालायची की उजवीकडे, हे सांगायला दोन आज्ञा असतात, पॅडएल आणि पॅडआर. त्या शिकल्यावर टाइपरायटरवर स्पेसची पट्टी मोजून दाबण्यात गेलेल्या सात वर्षांचं सार्थक झालं, असं त्याला वाटलं असावं. माणसाला एवढ्यावर समाधान मिळू शकतं, हे मला पटायला वेळ लागला.

उसाचं गणित सोपं होतं. कारखान्याच्या हद्दीतली गावं अकरा गटांत वाटलेली. गटात ज्याने आधी लागण केली त्याचा नोंद नंबर आधीचा, आणि नंबर आधीचा त्याची तोड आधी. याद्या पूर्वी हाताने लिहीत. कम्प्युटर आल्यावर त्या कंटुलेकडे आल्या. नंबर नुसता आकडा म्हणून ठेवला तर मशीन तो स्वतःच्या मनाने कुठेही सरकवतं, अशी त्याची तक्रार होती. म्हणून त्याने नंबरांनाही अक्षरांसारखं ठेवलं आणि तीन घरांचा रकाना केला. नऊ असेल तर आधी दोन रिकाम्या जागा, मग नऊ. नव्वद असेल तर एक रिकामी जागा, मग नव्वद. याच रकान्यावरून मशीन यादीचा क्रम लावायचं. डावीकडच्या त्या रिकाम्या जागांमुळे क्रम बरोबर लागत होता. पाच हंगाम तसंच चाललं.

पण त्या रकान्याची डावी कड वाकडी दिसायची. नावांची कड सरळ, गावांची कड सरळ, आणि सगळ्यांच्या आधी उभा असलेला नंबरांचा रकाना मात्र आतबाहेर. १९९६च्या हंगामाआधी त्याने ते दुरुस्त केलं. डावीकडची भर उजवीकडे नेली. एका आज्ञेच्या जागी दुसरी, बस. आता एकापासून दोनशे चाळीसपर्यंत सगळे आकडे एका उभ्या रेषेला टेकून उभे राहिले. त्याने पहिली यादी छापली, एक डोळा मिटून पाहिली आणि कार्यकारी संचालकांच्या सहीसाठी पाठवली. संचालकांनी सही केली. वाचली नाही.

मशीनने त्याचं काम चोख केलं. अक्षरं असतील तर ते डावीकडून एकेक अक्षर पाहतं. आधी एक, त्याच्यामागे दहा, त्याच्यामागे शंभर, मग एकशे एक. एकपासून सुरू होणारे सगळे संपल्यावर दोन, वीस, दोनशे. असं करत करत सर्वांत शेवटी नऊ आणि त्याच्यामागे नव्वद ते नव्व्याण्णव.

माझ्या मामीचा, चांगुणाबाईचा नंबर नऊ होता. तीर्थपुरी गट, दोन एकर, आदल्या वर्षीच्या आषाढातली लागण. चांगली वाढ झालेला ऊस मार्गशीर्षात तुटायला हवा होता. यादीत तो दोनशे तिसावा लागला.

तीर्थपुरीच्या गट ऑफिसात यादी भिंतीला टांगली. लांबच लांब घड्यांचा कागद, कडेला भोकं. नावं इंग्रजीत, त्यामुळे कुणालाच वाचता येईनात. इंग्रजी आकडे मात्र वजनकाट्यामुळे सगळ्यांना येत होते. तिसऱ्या ओळीत शंभर नंबर, म्हणजे सर्जेराव. सर्जेरावाची मेव्हणी एका संचालकाच्या घरात दिलेली. झालं, लोकांना कारण सापडलं. सर्जेरावालाही सापडलं, त्याने पेढे वाटले आणि "साहेबांनी ध्यानात ठेवलं" म्हणून सांगत सुटला. सातव्या ओळीत एकशे चार होता. तो तर चेअरमनच्या विरोधी पॅनेलचा माणूस. त्याचंही कारण निघालं, फोडला म्हणून. ज्यांची नावं वर आली त्यांनी आपापल्या ओळखीचे आभार मानले, ज्यांची खाली गेली त्यांनी आपापल्या वैऱ्यांना शिव्या घातल्या. अख्ख्या गटात त्या दिवशी एकालाही असं वाटलं नाही की यामागे कुणाचाच हेतू नसेल. इतकी सवय झालेली.

रामकिसन तीर्थपुरीचा चिटबॉय. नावाचाच बॉय, त्याला जावई आलेला. तोडीच्या चिठ्ठ्या वाटणं हे त्याचं काम. चूक आहे एवढं त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मामाने, तातेरावाने, त्याला चावडीजवळ गाठलं.

"रामकिसन, नऊ नंबर कुठं गेला?"

"यादीत हाये ना."

"कुठं हाये? खाली, फरशीला टेकला कागद, तिथं हाये."

"मला काय विचारून राह्यले, तात्या? वरून आलंय ते. तुमचा वर कोणी हाय का?"

"न्हाई."

"मंग?"

मामाला ते पटलं. तो एका पुढाऱ्याची चिठ्ठी आणायला जालन्याला तीन वेळा जाऊन आला. तिसऱ्या वेळी पुढारी भेटला आणि पुढच्या निवडणुकीत लक्ष ठेवा म्हणाला. मामा खूश होऊन परतला. ऊस उभाच होता.

मामी दुसरीपर्यंत शिकलेली. तिने यादीसमोर बसून आकडे लग्नपत्रिकेच्या पाठीवर उतरवून घेतले, वरचे वीस आणि खालचे वीस. घरी येऊन जेवणं झाल्यावर ती ते पाहत बसली. मग मामाला म्हणाली, "अहो, एकाचे समदे वर हायेत. नवाचे समदे खाली."

"कोणाचे?"

"आकड्याचे. एकापासून सुरू होणारे वर. हे माणसं पाहून केलेलं न्हाई."

"तू गप बस. राजकारण हाय ते."

"राजकारणाला नऊ आकडा का वाईट वाटंल?"

मामा उठून ओट्यावर निजायला गेला. तो पुढाऱ्याचा माणूस झाला होता, त्याला ही सोपी वाट नको होती.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच जीपने कारखान्यावर गेली. काचेच्या खोलीबाहेर चपला काढून उभी राहिली. कंटुलेने तिला पंधरा मिनिटं उभं ठेवलं. काम काही नव्हतं; शिपाई पुढे सांगत होता, कंटुले नव्या कागदाची भोकं मशीनच्या दात्यात बसवून पाहत होता.

"काय हाय बाई?"

"साहेब, यादी चुकली."

"कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगंल? भितीवर लटकून राह्यलीय. हे पाहा, एकाचे समदे वर, नवाचे समदे खाली. नऊ नंबर माझा हाय. माझ्याआधी आठ जणांची तोड पायजे, अन् दोनशे एकोणतीस लागलेत."

त्याने पत्रिका हातात घेतली नाही. "शिकल्या किती?"

"दुसरी."

तो शिपायाकडे पाहून हसला. शिपायालाही हसावं लागलं. "बाई, ही मशीन हाय. मशीनला तुमचं गाव ठाऊक न्हाई, तुमचा नेता ठाऊक न्हाई. मशीन दुजाभाव करत न्हाई."

"तेच म्हणून राह्यले मी. माणसानं केलं असतं तर माणूस पाहून केलं असतं. हे आकड्याचं तोंड पाहून केलंय. पहिला आकडा तेवढा पाहिला, मागं काय हाय ते पाहिलंच न्हाई."

एवढ्या सोप्या शब्दांत त्या कोर्समध्येही कुणी सांगितलं नसेल. कंटुलेने उत्तर म्हणून काय केलं? छापील यादी टेबलावर पसरली, फूटपट्टी काढली आणि नंबरांच्या रकान्याला लावली.

"हे पाहा. एक तरी आकडा रेघेच्या बाहेर हाय का?"

मामीने वाकून पाहिलं. "न्हाई. सरळ हाय."

"बिलकुल सरळ हाय. मंग?"

"मंग माझा ऊस वाळून राह्यला साहेब. अन् हिरीला पाणी माघापर्यंत हाय. आत्ता तुटला तर बुडातून फुटंल तो खोडवा धरता येईल. न्हाईतर दोन्ही गेलं."

"ते शेतकी खात्यात सांगा. हे कम्प्युटर खातं हाय."

ती निघाली. शेतकी खात्यात गेली, तिथून गट ऑफिसात पाठवली, गट ऑफिसातून रामकिसनकडे. रामकिसन म्हणाला, वरून आलंय.

त्या हंगामात तोडीच्या टोळ्या आधी शंभराच्या पुढच्या नंबरांत शिरल्या. तो ऊस कार्तिकातल्या लागणीचा, कच्चा. दोनशेच्या पुढचे तर संक्रांतीनंतर लावलेले, ते पोरवयातच तुटले. साखरेचा उतारा पडला. कार्यकारी संचालकांना आकडे दिसत होते. पण यादीत फेरफार झालाय तो चेअरमनच्या सांगण्यावरून, असं त्यांनी मनाशी धरलेलं, म्हणून ते बोलले नाहीत. चेअरमनना वाटलं, संचालकांनी आपल्या माणसांना पुढे काढलं, म्हणून तेही सांभाळून गप्प राहिले. उतारा हवामानामुळे पडला, असा ठराव झाला. दोघेही जण कंटुलेला थोडं मानाने वागवू लागले, कारण याद्यांच्या किल्ल्या याच्या हाती आहेत, असं प्रत्येकाला वाटत होतं. त्याला हातांची खुर्ची मिळाली. त्याने ती भिंतीला समांतर ठेवली.

मामीच्या शेतात टोळी आली ती चैत्रात. उसाला तुरे येऊन गेलेले, कांड्या आतून पोकळ, बुडाशी उंदरांनी कुरतडलेलं. टोळीच्या मुकादमाने शेतात शिरून दोन ऊस मोडून पाहिले आणि बाहेर येऊन म्हणाला, "बाई, हे जळतन हाय, ऊस न्हाई." तरीही तोडलं. वजन निम्म्याच्या खाली भरलं. विहिरीचा तळ उघडा पडला होता, खोडव्याचा प्रश्नच नव्हता. मामीने बुडखे उपटून बांधावर रचले आणि पावसाळ्यात त्या दोन एकरांत कपाशी लावली. ऊस त्या शेतात पुन्हा आला नाही. मामा पुढाऱ्याच्या प्रचाराला जीपमधून फिरत होता. त्याला गळ्यात घालायला उपरणं मिळालं होतं.

पुढच्या हंगामाच्या यादीत नंबरांची डावी कड पुन्हा आतबाहेर झाली आणि क्रम नीट लागला. लोक म्हणाले, यंदा साहेबांनी न्याय केला. कोणत्या साहेबांनी, हे कुणी विचारलं नाही. मामीने यादी पाहिली आणि एवढंच म्हणाली, कुणीतरी शहाणा माणूस आला वाटतं तिथं. कंटुलेबद्दल तिचं मत तयार झालं होतं. त्याला कळतच नाही. मशीनसमोर बसवलेला साधा माणूस, त्याला काय दोष द्यायचा. ही समजूत तिने बरीच वर्षं जपली. त्या समजुतीवर तिने त्याला माफही करून टाकलं होतं, असं मला वाटतं. राग धरून कपाशी निंदता येत नाही.

२००३ साली कंटुले निवृत्त झाला. निरोपाची पत्रिका त्याने स्वतःच छापली. शाल, नारळ, आणि तीन भाषणं. तिन्हींत शिस्तीचा माणूस हे शब्द आले. एका वक्त्याने तर सांगितलं की कंटुले साहेबांच्या हातून एकोणीस वर्षांत एक खाडाखोड झाली नाही. ते खरं होतं. टाळ्या पडल्या.

त्यानंतर दोन वर्षांनी मामी घनसावंगीहून तीर्थपुरीकडे जीपने येत होती. जीप भरलेली, मागच्या बाकावर पाचजणं. शेजारी येऊन बसला तो कंटुले. जालन्याला डॉक्टरकडे जाऊन आलेला, गालफडं बसलेली, शर्टाची इस्त्री मात्र कडक. त्याचं गाव वाटेवरच.

"ओळखलं का साहेब?" मामीने विचारलं.

"तोंड ओळखीचं हाय. कोणत्या गटाच्या?"

"तीर्थपुरी. शहाण्णवची यादी. नऊ नंबर."

तो बाहेर पाहायला लागला. एक फाटा गेला, दोन माणसं उतरली, तीन चढली. मामीला वाटलं, विसरला असेल. मग तो बाहेरच पाहत म्हणाला, "तुम्ही त्या दिवशी बराबर बोलल्या होत्या."

"काय?"

"पहिला आकडा पाहिला, मागचं पाहिलं न्हाई. तसंच झाल्तं. भर उजवीकडं गेल्ती."

मामीला भर वगैरे कळलं नाही. पण तिला जे कळायचं ते कळलं. "तुम्हाला कव्हा उमगलं हे?"

"तुम्ही पायऱ्या उतरून राह्यल्या होत्या तेव्हाच."

"त्याच दिवशी?"

"हो."

"मंग बदललं का न्हाई?"

"सही झाल्ती. अकरा गटांत यादी लागल्ती. लागलेली यादी परत मागवायची म्हंजे…"

"अर्ध्या तासाचं काम असंल," मामी म्हणाली.

"अर्धा तास न्हाई," कंटुले म्हणाला. "दहा मिन्टाचं."

त्याने ते दुरुस्त करून सांगितलं. नऊ वर्षांनी, जीपमध्ये, जिचा ऊस वाळला तिलाच. मामी सांगते, तेव्हा तिला रागही आला नाही. फक्त आपण इतकी वर्षं या माणसाला अडाणी समजत होतो, याची लाज वाटली. अडाणी असता तर बरं झालं असतं. तिने खिडकीकडे तोंड फिरवलं ते त्याचं गाव येईपर्यंत. माफी मागावी असं त्याच्या मनात असेल तर ते त्याने मनातच ठेवलं.

घरी पोचला तसा ओट्यावरच त्याला झटका आला आणि वाचा गेली. तुळजाबाईने आठ दिवस त्याला चमच्याने पाणी पाजलं, नवव्या दिवशी तो गेला. म्हणजे जीपमधून उतरून, खाली रस्त्यावर उभं राहून तो मामीशी जे बोलला तेच त्याचं शेवटचं बोलणं. त्याची पिशवी बाकाखाली मामीच्या पायाशी राहिली होती. त्याने दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "पिशवी तेवढी द्या बाई. हळू, औषधाची बाटली हाय."